धार लावायला काय घेऊ?

पहाटे ५:३०

नोव्हेंबरातला शनिवार. लालबागच्या चाळीत नळाला पाणी येऊन गेलं, चहा झाला आणि हिनं विळी पुढ्यात आणून ठेवली. "अहो, काल कोबी चिरला कमी आणि चेंगरला जास्त. धारेचं दुकान चालवता ना?" बोलणं रास्त होतं.

नागदेवी स्ट्रीटला माझं दुकान आहे. पुढच्या बाजूला धारेचे दगड, ग्राइंडिंगची चाकं, पॉलिश पेपर विकतो. मागं दोन कारागीर सुऱ्या, कात्र्या, कोयते लावून देतात. दिवसभर एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "धार लावायला काय घेऊ?" त्यावर मी विचारतो, "धार लावायची कशाला, आणि लावणार कोण?" या दोन गोष्टी कळल्याशिवाय मी फळीवरचा डबा खाली काढत नाही.

विळीचंच बघा. पातं पाटात पक्कं बसलेलं, वर खवणी आणि धार आतल्या वळणाला. खाचेतून सुरी ओढायचे जे शार्पनर बाजारात मिळतात, त्यात विळी घालणार कशी? सपाट दगडही तिच्या वळणात पुरता टेकत नाही. इथं पातं जागेवर ठेवून दगडच फिरवावा लागतो. त्यासाठी दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरायचा दगड मिळतो. पाटावर पाय दिला, दगड ओला केला आणि बुडापासून टोकापर्यंत वळण धरून दोन्ही अंगांनी फिरवला. शेवटी पातं कोरडं पुसून खोबरेलाचं बोट फिरवलं, कारण हे साधं कार्बन पोलाद आहे, ओलं राहिलं की दुपारपर्यंत तांबूस होतं. सगळं काम चहाचा दुसरा कप गार होण्याच्या आत झालं.

सकाळी ७:००

उद्या रविवार, म्हणून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या मटणवाल्यांची आज घाई. काल संध्याकाळी त्यांनी दिलेल्या सुऱ्या कागदात गुंडाळून आणल्या होत्या, त्या पोचवल्या. हाडं तोडायचा सत्तूर वेगळा, मांस सोडवायची निमुळती सुरी वेगळी. दोघांची धार सारखी नसते. सत्तूरचा कोन मोठा ठेवतो, एका अंगाला २५ ते ३० अंश. हाडावर आपटणाऱ्या पात्याची धार बारीक केली तर पहिल्याच घावाला तिचा टवका उडेल. सोडवायच्या सुरीला मात्र २० अंश पुरतात.

खाटकाकडं एक गोष्ट शिकण्यासारखी असते. कमरेला किंवा ठोकळ्याशेजारी टांगलेला पोलादी रॉड तो घटकेघटकेला हातात घेतो, सुरी दोन्ही अंगांनी चार-चार वेळा फिरवतो आणि परत कामाला लागतो. लोकांना वाटतं, तो धार लावतोय. रॉड धार लावत नाही. कापताना सुरीची कड अतिशय बारीक प्रमाणात एका बाजूला लवते, ती रॉडनं पुन्हा उभी राहते. पोलाद जवळपास जातच नाही. म्हणून खाटकाची सुरी दिवसभर चालते आणि दगडावर आठवड्यातून एखाद्याच वेळी येते.

घरच्या स्वयंपाकघरातही हाच न्याय. तुमची सुरी नेहमीच्या युरोपीय घडणीची असेल तर तिचं पोलाद मऊसर असतं. जर्मन सुऱ्यांच्या पात्यावर बारीक अक्षरात 'एक्स५०सीआरएमओव्ही१५' छापलेलं आढळतं. म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम. रॉकवेलच्या मापात तिचा कडकपणा ५६ ते ५८ भरतो. असं पोलाद तुटण्याआधी लवतं, म्हणून त्याला रॉड मानवतो. साठीच्या पुढं कडकपणा असलेली जपानी सुरी लवत नाही, तिचे कण निखळतात. तिच्यावर पोलादी रॉड आपटू नये. फार तर सिरॅमिकचा गुळगुळीत रॉड हलक्या हातानं फिरवावा.

सकाळी ९:३०

शटर वर गेलं. आधी झाडू, मग उदबत्ती, मग घमेल्यात पाणी. भिजवून वापरायचे दगड त्यात सोडले. बुडबुडे यायचे थांबले की दगड भिजला असं समजायचं. पाच-दहा मिनिटं पुरतात. सगळेच दगड भिजवायचे नसतात. काहींवर नुसता पाण्याचा हात फिरवला की झालं, तर तेलाच्या दगडावर तेलच. एकदा तेल प्यायलेल्या दगडावर पुन्हा पाणी ठरत नाही, म्हणून नवा दगड घेतला की पाणी का तेल हे पहिल्याच दिवशी ठरवायचं.

दगड सपाट आहे का हे बघितलं नाही तर धार कधीच बरोबर येत नाही. सगळे मधेच घासतात, त्यामुळं मध्यभाग खोलगट होतो आणि सुरीचा कोन टोकापर्यंत बदलत जातो. आमचा कारागीर दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखतो आणि जाड डायमंड प्लेटवर तो घासतो. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

तेवढ्यात टेम्पो आला. चाकांची खोकी उतरवली. आपल्या धंद्याचं मूळ या शहराच्या अगदी शेजारी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की खाडीपलीकडं उरणचं मोरा बंदर लागतं. त्या मोऱ्याला १९४१ साली ग्राइंडवेलचा कारखाना निघाला आणि ग्राइंडिंगची चाकं देशात बनू लागली. पुढं तीच ग्राइंडवेल नॉर्टन झाली. दुसरं मोठं नाव मद्रासच्या कार्बोरंडम युनिव्हर्सलचं, १९५४ सालचं. त्याआधीचे सराणवाले आणि शिकलगार, म्हणजे धार लावणारे कारागीर, कुरुंदाची पूड लाखेत कालवून आपली चाकं आपणच ओतत. कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काठिण्याच्या मापात हिऱ्याच्या खालोखाल. आज कारखान्यात तोच कुरुंद भट्टीत बनतो. एका बाजूनं भरड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा काळा-करडा कॉम्बिनेशन दगड मात्र सिलिकॉन कार्बाइडचा. तो एडवर्ड अ‍ॅचिसन या अमेरिकनाच्या हाती १८९१ साली लागला, कृत्रिम हिरे बनवायच्या खटाटोपात. हिरा झाला नाही, पण धार लावणाऱ्यांचं भलं झालं.

सकाळी ११:००

हॉटेलांच्या सुऱ्यांचा गठ्ठा. इथं हातानं लावत बसलं तर दिवस पुरणार नाही, मशीन हवंच. आमच्याकडं दोन आहेत. एक नेहमीचा बेंच ग्राइंडर, मिनिटाला २८५० फेरे. सहा इंची चाकाची कड त्या वेगानं सेकंदाला बावीस मीटरच्या वर धावते. कोयत्याचा तुटका टवका काढायला हे ठीक. दुसरं पाण्यातून फिरणारं संथ चाक, मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे. सुऱ्या या चाकावर.

नव्या पोराला मी मुद्दाम एक भंगार पातं बेंच ग्राइंडरवर कोरडं धरायला सांगितलं. ठिणग्या उडाल्या, पोरगं खूश झालं. मग त्याला पात्याची कड दाखवली. आधी गव्हाळ पिवळा, त्याच्या पुढं तपकिरी, मग जांभळा आणि अगदी टोकाला निळा पट्टा उमटला होता. साध्या कार्बन पोलादावर पिवळा रंग सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या सुमारास येतो आणि निळा तीनशेच्या. लोहारानं पाणी देऊन आणलेला कडकपणा त्या निळ्या पट्ट्यात उतरून जातो. अशी सुरी दुकानातून निघताना वस्तऱ्यासारखी वाटते आणि चार दिवसांत बोथट होते. गिऱ्हाईक म्हणतं, सुरीच हलकी होती. सुरी हलकी नसते, भाजलेली असते. निळा भाग पूर्ण घासून काढणं एवढाच त्यावर इलाज.

दुपारी १२:४५

गिरगावातल्या एक काकू आल्या. पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेल्या दोन सुऱ्या आणि एक प्लास्टिकचा शार्पनर, खाचेतून सुरी ओढायचा. "अहो, हा आणला तेव्हा चार दिवस छान चाललं. आता याच्यातून कितीही ओढली तरी टोमॅटोची साल निघत नाही."

मी सुरी खिडकीपाशी नेऊन धार वर करून धरली. चांगल्या धारेवर उजेड टेकत नाही. हिच्यावर जागोजागी पांढरे ठिपके चमकत होते. बोटाचं नख धारेवरून हलकेच सरकवलं तर अडकत गेलं. खाचेत टंगस्टन कार्बाइडच्या दोन पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या बसवलेल्या असतात. त्या पोलाद घासत नाहीत, ओरबाडून काढतात. वर दाब जास्त दिला की धारेला दाते पडतात. कोन एकच, तो बदलता येत नाही. शिवाय मुठीजवळचा बोटभर भाग खाचेत शिरतच नाही, त्यामुळं तिथं सुरीला पोट राहतं आणि मध्ये खळगा पडतो. मग कोथिंबीर चिरताना काड्या अखंडच राहतात.

"मग फेकून देऊ का हा?"

"फेकू नका काकू. फळं कापायच्या स्वस्त सुरीला ठेवा. चांगली सुरी त्यात घालू नका."

त्यांना दगडावर हात बसवायला वेळ नव्हता आणि तशी हौसही नव्हती. अशा घराला मी दगड खपवत नाही. त्यांना बारीक सिरॅमिक रॉड दिला. ओट्यावर ओला फडका टाकायचा, रॉडचं टोक त्यावर उभं टेकवायचं आणि सुरी रॉडला थोडी तिरपी ठेवून वरून खाली आणायची, एकदा या अंगानं आणि एकदा त्या अंगानं. उभा रॉड असला की तिरपेपणा डोळ्यांना दिसतो, हाच त्याचा फायदा. आठवड्यातून दोन मिनिटं, आणि सहा-आठ महिन्यांनी दोन्ही सुऱ्या दुकानात आणायच्या. ब्रेडच्या करवती सुरीबद्दल त्यांनी विचारलं. तिला सपाट काहीच चालत नाही. तिचा एकेक खळगा बारीक गोल रॉडनं, आणि तोही ज्या अंगाला खळगे घडवलेत त्याच अंगानं घासावा लागतो. ती दुकानात आणून द्यायला सांगितली.

दुपारी २:००

डबा उघडला तेव्हाच एक फिरता धारवाला आला. सायकल बाहेर स्टँडवर. कॅरिअरपाशी चाक, पॅडल मारलं की पट्ट्यानं फिरणारं. आधी त्याच्यापुढं भाकरी सरकवली, मग मालाचं बोललो. त्याला नवं चाक हवं होतं.

चाकाचं लेबल वाचता आलं पाहिजे. 'डब्ल्यूए' म्हणजे पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, पुढचा ६० किंवा ८० चा आकडा म्हणजे कणाची जाडी, आणि त्यानंतरचं अक्षर म्हणजे कण किती घट्ट बांधलेत ते. आकडा मोठा तितका कण बारीक. कडक पोलादाला सैल बांधणीचं चाक घ्यायचं, म्हणजे झिजलेले कण गळून नवे उघडे पडतात आणि पातं तापत नाही. लेबल वाचून झाल्यावर त्यानं चाक बोटावर टांगलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं. खणखणीत नाद आला. दुसरं ठोकलं, ते बद्द वाजलं. तडा डोळ्यांना दिसत नव्हता, पण त्यानं ते बाजूला ठेवलं आणि मीही काही न बोलता ते भंगारात टाकलं. तडकलेलं चाक वेगात फुटलं तर समोरच्या माणसाचा चेहरा राहत नाही.

तुमच्या गल्लीत असा माणूस येत असेल तर त्याच्याकडून कात्री, विळी, कोयता जरूर लावून घ्या. महागाची जपानी सुरी तेवढी देऊ नका. चाक भरड असतं आणि पाणी क्वचितच असतं. यात त्याचा दोष नाही. ते चाक त्या सुरीसाठी नाहीच.

दुपारी ३:१५

हॉटेल मॅनेजमेंट शिकून नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी आली. पहिल्या पगारातून घेतलेली जपानी सुरी तिनं डब्यातून काढली. ग्युतो म्हणतात तिला, २१० मिलिमीटरचं पातं, व्हीजी-१० पोलाद, कडकपणा साठच्या आसपास. "काका, इलेक्ट्रिक घेऊ की दगड?"

"हाताला सवय लावायची तयारी आहे?"

"रोज दहा तास सुरीच हातात असते."

मग प्रश्नच मिटला. एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला सहा हजार अशा कणांच्या आकड्यांचा दुहेरी दगड तिच्यासमोर ठेवला. हजाराच्या बाजूनं धार येते, सहा हजारानं ती गुळगुळीत होते. टवके पडलेले असतील तरच ४०० चा भरड दगड, एरवी नाही. सुरुवातीला कँटीनमधली जुनी सुरी घासायची, ही नवी नाही.

मागच्या ओट्यावर तिला बसवलं. कोन १५ अंश. अंश डोळ्यांनी कळत नाहीत, म्हणून मोजून दाखवलं: पातं कण्यापासून धारेपर्यंत ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर कणा दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उचलला की १५ अंश होतात. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा कण्याखाली ठेवून एकदा हाताला त्या उंचीचं माप दाखवायचं आणि ठोकळा काढून घ्यायचा. डाव्या हाताची दोन बोटं धारेच्या लगेच मागं टेकवायची. जिथं बोटं, तिथंच दाब, तिथंच घासलं जातं. दगडावर करडा चिखल जमतो तो धुवायचा नाही, तोच काम करतो.

थोड्या वेळानं तिला म्हटलं, आता वरच्या अंगानं अंगठा कण्याकडून धारेबाहेर आडवा ने, धारेच्या रेषेत कधीच नाही. "काहीतरी अडकतंय," ती म्हणाली. ती बर. एका अंगानं घासलेलं पोलाद धारेच्या टोकाशी पोचून पलीकडं वळलं, म्हणजे त्या अंगाचं काम झालं. मुठीपासून टोकापर्यंत बर सलग लागली पाहिजे. मध्येच लागत नसेल तर तिथं धार अजून पोचलेली नाही. मग दुसरं अंग, मग सहा हजारावर आलटून पालटून हलके हात, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागं ठेवून ओढायची, म्हणजे उरलेली बर निघून जाते. बर उरली तर सुरी पहिल्या दिवशी तेज आणि दुसऱ्या दिवशी बोथट.

जाताना तिनं साशिमीच्या यानागिबा सुरीचं विचारलं. तिच्या धारेचा उतार एकाच अंगाला असतो, दुसरं अंग जवळपास सपाट. खाचेच्या शार्पनरमध्ये ती एकदा घातली की तिची घडणच मोडते. तिला दगडाशिवाय दुसरं काही नाही.

संध्याकाळी ४:३०

पाठीला सॅक लावलेला एक तरुण आला. ऑनलाइन मागवलेली 'हंटिंग नाइफ', जाड पातं, कण्यावर करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र.

"कशाची शिकार करतोस बाबा?"

"शिकार कसली काका! हरिश्चंद्रगडावर मॅगीसाठी काटक्या फोडतो."

आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळं शिकारी सुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्या इथं ट्रेकरांच्याच हाती पडतात. घेताना लांबी-रुंदीही बघावी. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या नियमात येते. याची पाच इंची होती, काळजी नव्हती.

त्यानं ती घरी स्वयंपाकघरातल्या शार्पनरमधून काढली होती. त्या खाचेचा कोन लहान, आणि हिचं काम लाकूड फोडायचं. धार पहिल्याच ओंडक्यावर मुडपली. अशा सुरीला एका अंगाला २५ अंश द्यायचे. पोलाद स्वस्तातलं आणि मऊ असल्यामुळं दोन-तीनशे रुपयांचा कोर्स-फाइन दगड तिला पुरतो. आरशासारखी चकाकी आणायची गरज नाही. दोरी कापायला आणि काटक्या सोलायला थोडी खरबरीत धारच बरी पडते. मागच्या ओट्यावर त्याच्याकडूनच घासून घेतली. सॅकमध्ये ठेवायला पत्त्याएवढी डायमंडची पातळ प्लेट दिली. तिला पाणी लागत नाही, ती फुटत नाही आणि खोलगटही होत नाही.

संध्याकाळी ६:३०

ऑफिसं सुटली की घरी जाता जाता लोक आपापल्या सुऱ्या न्यायला येतात. प्रत्येक सुरी देण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी हवेत धरून कापून दाखवतो. पट्टी सरसर कापली गेली पाहिजे. फाटली तर परत आत. कागदापेक्षाही पिकलेला टोमॅटो खरा परीक्षक. दाब न देता नुसत्या सुरीच्या वजनानं साल कापली गेली तर पास.

एक गृहस्थ जावयानं अमेरिकेहून आणलेलं इलेक्ट्रिक मशीन घेऊन आले. नवंकोरं, खोक्यासकट. मी आधी उलटं करून लेबल वाचलं: १२० व्होल्ट. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये लावलं असतं तर सुरीआधी मशीनच गेलं असतं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावा म्हटलं. मशीनला मी नावं ठेवत नाही. कोन धरून ठेवणारी खाच आणि बारीक डायमंडच्या चकत्या असतील तर घाईच्या घरात ते चांगलं काम देतं. फक्त दर आठवड्याला भरड खाचेतून सुरी काढायची नाही. भरड खाच वर्षाकाठी एकदा, एरवी बारीक. मशीन पोलाद भराभर खातं आणि खाल्लेलं पोलाद कोणी परत देत नाही. सिरॅमिकची पांढरी सुरी असेल तर डायमंडशिवाय तिला काहीच लागत नाही, आणि पोलादी रॉडवर आपटली तर ती फुटते.

रात्री ८:३०

घरी पोचलो तोच विस्कॉन्सिनहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल. त्याच्याकडं सकाळचे नऊ. तिथं थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि शेजाऱ्याबरोबर हाही परवाना काढून जातो. "काका, पुढच्या शनिवारी निघायचंय. इथल्या दुकानात धारेची शंभर साधनं लावलीत. काय घेऊ?"

"आधी सुरी दाखव."

त्यानं ती कॅमेऱ्यापुढं धरली. चार इंची पातं, टोक खाली उतरलेलं, कण्यावर आकड्यासारखी खाच, पात्यावर एस३०व्ही लिहिलेलं. हे पोलाद २००१ च्या सुमारास अमेरिकेत खास सुऱ्यांसाठी बनवलं गेलं. त्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण कुरुंदापेक्षाही कठीण, म्हणून साधा दगड त्याच्यावर नुसता सरकत राहतो. इथं डायमंडच हवं.

शिकारीच्या सुरीचं काम स्वयंपाकघरापेक्षा निराळं. हरीण पडलं की मांस लवकर निवावं म्हणून जागेवरच पोट उघडतात. आतडं फुटलं तर मांस नासतं, म्हणून तिथं टोक नेमकं लागतं, आणि खाचेचा आकडा कातडं आतून वर उचलून कापतो. केस, माती आणि हाड या तिघांनी धार जाते. म्हणून कोन २० ते २५ अंश, आणि शेवटचा हात सहाशेच्या आसपास थांबवायचा. फार गुळगुळीत धार कातड्यावर घसरते, थोडी खरबरीत धार पकडते.

"घरात काय आणि रानात काय, ते वेगळं धर," मी सांगितलं. घरी निघण्याआधी नीट धार लावायला कोन धरून ठेवणारा संच घ्यावा. लान्स्कीच्या संचात १७, २०, २५ आणि ३० अंशांच्या खाचा असतात, दगड एका काडीला बसवून त्या खाचेतून चालवायचा. त्यातही डायमंडचा संच बघून घ्यायचा. खिशात मात्र लहान डायमंड प्लेट, आणि आकड्याच्या आतल्या वळणासाठी निमुळती गोल डायमंड काडी. आकड्यात सपाट काहीच शिरत नाही, ही गोष्ट लोकांना रानात गेल्यावर कळते.

तो म्हणाला, "संच आज मिळाला नाही तर? कोन कसा धरू?"

"पत्राचं पाकीट आहे का टेबलावर?" पाकिटाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, परत दुमडला की साडेबावीस. तो कोपरा दगडावर टेकवून पातं त्याच्या उताराला लावायचं. मग काळ्या मार्करनं धारेची कड रंगवायची आणि दोनच हात मारायचे. शाई वरच्या बाजूला निघाली तर कणा फार खाली आहे, अगदी टोकाचीच निघाली तर फार वर. पूर्ण पट्टा निघाला तर कोन जुळला. त्यानं कॅमेऱ्यासमोरच मारून बघितलं. पहिल्यांदा शाई वरचीच निघाली, तिसऱ्यांदा पट्टा साफ झाला. "आणि सुरी आधी साबणानं धुऊन घे," मी सांगितलं, "चरबी लागलेल्या पात्यानं प्लेटचे कण बुजतात."

रात्री १०:००

जेवण झालं. हिशेबाच्या वहीत आजची विक्री उतरवली. ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही त्यांच्यासाठी माझा सल्ला असा. घरात दोन-तीन नेहमीच्या सुऱ्या असतील आणि हौस नसेल तर बारीक सिरॅमिक रॉड घ्या आणि वर्षातून एक-दोनदा सुऱ्या जाणत्या माणसाकडं द्या. हात बसवायची तयारी असेल तर हजाराचा एक दगड घ्या, सहा हजाराचा मागून घेता येतो. जपानी सुरीला दगडच. विळीला हातात धरायचा निमुळता दगड. ट्रेकच्या किंवा शिकारीच्या सुरीला २० ते २५ अंश आणि सोबत खिशातली डायमंड प्लेट. खाचेचा कार्बाइड शार्पनर फक्त स्वस्त सुरीपुरता. आणि कुठलंही साधन घ्या, पण ते ओट्याजवळ हाताला लागेल अशा जागी ठेवा. फडताळात वर गेलेल्या महागड्या संचापेक्षा सुरीशेजारी पडलेला दोनशे रुपयांचा दगड जास्त धार देतो.